पाहुणे तुपाशी, यजमान उपाशी!

एकाच लॅपटॉपवर दोन-दोन व्हर्च्युअल मशीन चालवायची आणि सगळं हँग झालं की लॅपटॉपला शिव्या घालायच्या, हे तुमच्याही रूमवर होतं का? मग घरी नवीन लॅपटॉपसाठी फोन लावण्याआधी एक साधी वजाबाकी करून बघा.

रात्रीचे अडीच वाजलेले. मी गाढ झोपेत आणि माझी रूममेट मला गदागदा हलवतेय. ‘‘ऊठ ना गं, लॅपटॉप गेला बहुतेक.’’ डोळे चोळत बघितलं तर स्क्रीन जागच्या जागी थिजलेली, माउसचा बाण हलत नाही आणि पंखा असा ओरडतोय की टेरेसवर पाण्याची मोटर लावलीय असं वाटावं. सकाळी दहाला तिच्या फायनल इयर प्रोजेक्टचा डेमो होता. प्रोजेक्ट नेटवर्क सिक्युरिटीचं. एकाच लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन, एक हल्ला करणारं आणि एक हल्ला झेलणारं.

वीस मिनिटं वाट बघितली. मग तिने तेच केलं जे तुम्ही-आम्ही सगळेच करतो. पॉवरचं बटण दाबून धरलं. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला खरा, पण त्या दोनपैकी एक मशीन परत उघडलंच नाही. त्याची डिस्क फाइल खराब झाली होती. चार दिवसांचं काम त्यात होतं आणि त्याची कॉपी कुठेच नव्हती.

तीन वाजता ती बाल्कनीत बसून मोबाइलवर काहीतरी टाइप करत होती. मी डोकावले. ‘बाबा, लॅपटॉप बदलावा लागेल. आठ जीबी रॅमवर होत नाही.’ तिच्या बाबांचं गावी किराणा दुकान आहे. ह्याच लॅपटॉपचे पाच हप्ते अजून बाकी आहेत. मेसेज लिहून तयार होता, फक्त पाठवला नव्हता.

सकाळी सहाला तिने एका सिनिअरला फोन लावला. त्याने सगळी कहाणी ऐकली आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘होस्टला काय ठेवलंस?’’

तिच्याकडे उत्तर नव्हतं. हा सगळा लेख त्या एका प्रश्नाबद्दल आहे.

घर एक, बिऱ्हाडं तीन

मी मास कॉमवाली. माझा आणि रॅमचा संबंध क्रोमचे टॅब आणि व्हिडीओ एडिटिंग एवढाच. त्यामुळे आधी मला समजलं तसं सांगते.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. त्याची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम असते, स्वतःची डिस्क असते आणि त्याला स्वतःला वाटत असतं की आपण खरेखुरे आहोत. ज्या खऱ्या मशीनवर हे चालतं तो होस्ट, म्हणजे यजमान. आत राहायला आलेला तो गेस्ट, म्हणजे पाहुणा. आणि दोघांमध्ये वाटणी करणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव हायपरवायझर.

कल्पना नवी नाही. खोलीभर आकाराच्या मेनफ्रेमवर अनेकांना एकाच वेळी काम करता यावं म्हणून आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही सिस्टीम जाहीर केली होती. साध्या पीसीवर ही गंमत आणणारं व्हीएमवेअर वर्कस्टेशन १९९९ मध्ये आलं. आज व्हर्च्युअलबॉक्स फुकट डाउनलोड होतं आणि कॉलेजचं अर्धं प्रॅक्टिकल त्यावरच होतं.

‘मी कुठे व्हीएम वापरतो?’ असं म्हणत असाल तर थांबा. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये जो खोटा फोन उघडतो, तोही व्हर्च्युअल मशीनच. विंडोजवर डब्ल्यूएसएल-२ किंवा डॉकर डेस्कटॉप टाकलंय? त्यांच्या मागेही एक व्हर्च्युअल मशीन गुपचूप चालू असतं. टास्क मॅनेजरमध्ये ‘व्हीएममेम’ नावाचं काहीतरी भसाभस रॅम खाताना दिसतं ना, ते हेच.

आठ जीबी म्हणजे आठ नव्हे

रूममेटचा हिशोब सरळ होता. रॅम आठ जीबी. एका मशीनला तीन, दुसऱ्याला तीन. झाले सहा. उरले दोन. बास की!

पण आठ हे आठ नव्हतेच. तिच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे रॅममधलाच थोडा तुकडा ग्राफिक्ससाठी आधीच बाजूला जातो. तिच्याकडे वापरायला ७.४ जीबी होती. त्यातून सहा गेले, राहिले १.४. आता त्या १.४ मध्ये विंडोज, अँटिव्हायरस, क्रोमचे अकरा टॅब आणि प्रेझेंटेशन बसवा बघू.

मी माझ्या लॅपटॉपवर मुद्दाम बघितलं. नुसता सुरू केला, काहीही उघडलं नाही, तरी विंडोजने साडेतीन जीबीच्या आसपास घेतलेलेच होते. म्हणजे तिच्या यजमानाला पोटभर सोडाच, चतकोर भाकरीही उरली नव्हती.

मग यजमान काय करतो? त्याला जागा पुरेना की तो रॅममधल्या गोष्टी उचलून डिस्कवर नेऊन ठेवतो, आणि लागल्या की परत आणतो. हे थोडं असेल तर कळतही नाही. पण सतत व्हायला लागलं की कॉम्प्युटरचा सगळा वेळ ह्या हलवाहलवीतच जातो. वेगातला फरक किती असतो बघा. रॅममधून एखादी गोष्ट आणायला एक सेकंद लागतो असं समजा. त्या हिशोबाने एसएसडीवरून तीच आणायला साधारण पंधरा-सोळा मिनिटं लागतील, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून एक दिवसाहून जास्त. माउसचा बाण का हलत नव्हता, कळलं?

आणि मुख्य मुद्दा पुढे आहे. पाहुण्याला ह्यातलं काही माहीतच नसतं. आतल्या लिनक्सला विचारलं तर ते बिनधास्त सांगेल, ‘माझ्याकडे तीन जीबी आहे, एक तर मोकळीच आहे.’ पण त्याची डिस्क, त्याचं नेटवर्क, त्याची स्क्रीन, सगळं यजमानाच्या हातून जातं. यजमानच धापा टाकत असेल तर पाहुण्यांना वाढणार कोण? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण शाळेत निबंधात टाकायला पाठ केली होती. तिचा खरा अर्थ मला त्या रात्री अडीच वाजता कळला.

कपाट आणि बाथरूम

प्रोसेसरची गोष्ट थोडी वेगळी. आमच्या फ्लॅटवर आम्ही पाच जणी राहतो. कपाटाचे कप्पे वाटून घेतलेत. माझा कप्पा रिकामा असला तरी तो माझाच. मेमरी ही अशी. बाथरूम मात्र एकच आणि सकाळी सात वाजता पाच जणींचा नंबर. तिथे जागा वाटत नाहीत, वेळ वाटतात. प्रोसेसर हा असा.

टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू बघा. तिथे दोन आकडे दिसतील, कोअर आणि लॉजिकल प्रोसेसर. रूममेटच्या लॅपटॉपवर चार कोअर, आठ लॉजिकल प्रोसेसर. तिने दोन्ही मशीनला चार-चार देऊन टाकले. ‘आठ होते, आठ वाटले.’ पण लॉजिकल प्रोसेसर म्हणजे नवा कोअर नसतो, एकाच कोअरवर दोन कामं करून घ्यायची सोय असते. खरे हात चारच. म्हणूनच व्हर्च्युअलबॉक्सच्या मॅन्युअलमध्येही सांगितलंय की एका मशीनला खऱ्या कोअरच्या संख्येपेक्षा जास्त प्रोसेसर देऊ नका.

आणि जास्त दिले म्हणजे जास्त पळेल असंही नसतं. चार प्रोसेसरवालं मशीन नीट चालायला ते चारही जवळपास एकाच वेळी मोकळे मिळावे लागतात. गर्दी असेल तर त्यालाच जास्त ताटकळावं लागतं. एकटी असाल तर एसटीत कुठेही टेकता येतं. चौघींना शेजारी शेजारी बसायचं असेल तर दोन गाड्या सोडाव्या लागतात, तसंच.

शिवाय सगळेच प्रोसेसर पाहुण्यांच्या सेवेत गेले की यजमानाला माउस हलवायलाही फुरसत मिळत नाही.

आधी वजाबाकी, मग वाटणी

सिनिअरने फोनवर जे सांगितलं ते एवढंच होतं. पाहुण्यांना देऊन उरेल ते यजमानाला, असा हिशोब करायचा नाही. यजमानाचं आधी बाजूला काढायचं, उरेल ते पाहुण्यांना. आधी पोटोबा, मग विठोबा.

किती बाजूला काढायचं? ह्याचा छापील आकडा शोधू नका, तुमच्या लॅपटॉपवर मोजा. लॅपटॉप रिस्टार्ट करा. डेमोच्या वेळी जे जे उघडं असणार आहे ते सगळं उघडा, म्हणजे ब्राउझर, प्रेझेंटेशन, ऑनलाइन असेल तर मीटिंगचं ॲप. व्हर्च्युअल मशीन मात्र बंद ठेवा. आता टास्क मॅनेजरमध्ये मेमरी किती वापरात आहे ते बघा. त्यात वेळप्रसंगासाठी एक जीबी मिळवा. हा झाला यजमानाचा वाटा. एकूण वापरण्याजोग्या रॅममधून तो वजा करा. जे उरलं तेवढंच तुमच्या हातात आहे, एका मशीनसाठी असो वा चार.

मोटामोटी अंदाज सांगायचा तर आठ जीबीच्या लॅपटॉपवर चार यजमानाला ठेवा. उरलेल्या तीन-साडेतीनमध्ये डेस्कटॉप असलेलं एक मशीन आरामात बसतं. सोळा जीबी असेल तर सहा ठेवा, बाकीचे वाटा. चारच जीबी असेल तर हट्ट सोडा आणि कॉलेजची लॅब गाठा. प्रोसेसरचं म्हणाल तर सगळ्या मशीनना मिळून खऱ्या कोअरपेक्षा निदान एक कमी द्या.

हा हिशोब सॉफ्टवेअरलाही ठाऊक असतो, आपण बघत नाही इतकंच. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मेमरीची पट्टी सरकवताना ती हिरव्यातून लाल रंगात जाते. तो लाल रंग शोभेला नाही दिलेला. व्हीएमवेअर वर्कस्टेशनच्या प्रेफरन्सेसमध्ये मेमरी नावाचा भाग आहे. सगळ्या मशीनना मिळून होस्टची किती रॅम राखून ठेवायची आणि ती अपुरी पडली तर डिस्कवर हलवाहलव करू द्यायची की नाही, हे तिथे ठरवता येतं. हायपर-व्हीमध्ये डायनॅमिक मेमरी आहे. सुरू होताना किती, कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, असे तीन आकडे द्यायचे. मग मशीनला लागेल तशी मेमरी वाढते आणि कमी होते. डब्ल्यूएसएल-२ तर काही न सांगता यजमानाची निम्मी रॅम आणि सगळे लॉजिकल प्रोसेसर वापरायची मुभा घेऊन बसतं. ते आवरायचं तर तुमच्या युजर फोल्डरमध्ये ‘डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ नावाच्या फाइलमध्ये मेमरी आणि प्रोसेसर्स अशा दोन ओळी लिहायच्या आणि डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायचं.

हे सगळं ऐकताना माझी ट्यूब पेटली. प्रीमिअर प्रोच्या मेमरी सेटिंगमध्ये ‘इतर ॲपसाठी राखीव रॅम’ असा एक आकडा असतो. एडिटिंगच्या पहिल्या लेक्चरला सरांनी दाखवलेला. दोन वर्षं मी तो कमी कमी करत आलेय, एडिट पळावं म्हणून. आणि मग एडिट चालू असताना क्रोम का मरतं, म्हणून वैतागत आलेय.

रुमाल टाकलेली सीट

लॅपटॉपवरची ही वजाबाकी डेटा सेंटरमध्ये रोजचा धंदा आहे. तिथे एकेका सर्व्हरवर डझनांनी व्हर्च्युअल मशीन असतात. बँकेचं असतं, हॉस्पिटलचं असतं आणि कुणाचं तरी टेस्टिंगचंही असतं. क्लाउड किंवा सिस्टीम ॲडमिनच्या कामात शिरायचं असेल तर तीन शब्द पक्के करा. रिझर्व्हेशन, लिमिट आणि शेअर्स.

रिझर्व्हेशन म्हणजे काहीही झालं तरी मिळणारच असा वाटा. व्हीएमवेअरच्या सर्व्हरवर एखाद्या मशीनसाठी मागितलेलं रिझर्व्हेशन पुरवता येत नसेल तर ते मशीन सुरूच होत नाही. अर्ध्या रस्त्यात धापा टाकण्यापेक्षा आधीच ‘जागा नाही’ सांगितलेलं बरं. लिमिट म्हणजे ह्यापुढे मिळणार नाही अशी कमाल मर्यादा. आणि शेअर्स म्हणजे टंचाई आली तर कोणाला किती ते प्रमाण. हाय, नॉर्मल आणि लो अशा तीन पायऱ्यांचं प्रमाण ४:२:१ असतं. नळाला धो धो पाणी असतं तेव्हा कोणी घागरी मोजत नाही. टँकर आला की रांग आणि मोजमाप सुरू. शेअर्सही तसेच, टंचाईतच कामाला येतात.

मग सगळ्यांनाच भरपूर रिझर्व्ह करून टाकलं तर? इथे कपाट आणि बाथरूमचा फरक पुन्हा आठवा. प्रोसेसरचं रिझर्व्हेशन वापरात नसेल तर तो वेळ दुसऱ्याला मिळतो. मेमरीचं मात्र एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालासारखं आहे. मशीनने आपल्या राखीव मेमरीला एकदा हात लावला की ती त्याची झाली. माणूस खाली उतरून चहा पीत असला तरी सीटवर दुसरं कोणी बसू शकत नाही. त्यामुळे जाणती मंडळी रिझर्व्हेशन महत्त्वाच्या मशीनपुरतंच ठेवतात.

ज्यांची मेमरी राखीव नाही, त्यांच्याकडून ती परत मागण्याची एक भन्नाट युक्ती आहे, बलूनिंग. व्हीएमवेअरमधल्या कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२ मध्ये एका शोधनिबंधात ती मांडली. पाहुण्याच्या आत एक छोटा ड्रायव्हर बसवलेला असतो. बाहेर टंचाई झाली की तो फुग्यासारखा फुगतो, म्हणजे आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमकडे मेमरी मागत सुटतो. जागा कमी पडतेय म्हटल्यावर ती सिस्टीम स्वतःच नको असलेलं सामान आवरते, आणि फुग्याने अडवलेली जागा हायपरवायझर दुसऱ्या गरजू मशीनला देतो. घरातलं कुठलं सामान अडगळीचं, हे त्या घरातल्या माणसालाच कळतं ना!

एवढ्या सगळ्या युक्त्या असल्या तरी मोठ्या सर्व्हरवर हायपरवायझर स्वतःपुरती मेमरी बाजूला राखूनच ठेवतो. कारण तोच आडवा झाला तर त्याच्या अंगाखांद्यावरची सगळीच मशीन आडवी होतात.

आठ जीबीत बसलं की!

डेमोचं काय झालं? परीक्षकांनी जुने स्क्रीनशॉट बघितले, रिपोर्ट चाळला आणि दोन दिवसांनी पुन्हा यायला सांगितलं. ते दोन दिवस आमच्या फ्लॅटवर युद्धपातळीवर काम चाललं.

गेलेलं मशीन विंडोजचं होतं. त्याच्या जागी तिने डेस्कटॉप नसलेलं लिनक्स सर्व्हर घेतलं, कारण हल्ला झेलणाऱ्याला वॉलपेपर कशाला हवा? त्याला एक जीबी आणि एक प्रोसेसर. हल्ला करणाऱ्या काली लिनक्सला दोन जीबी आणि दोन प्रोसेसर. यजमानाला ४.४ जीबी आणि एक अख्खा कोअर. डेमोच्या दिवशी क्रोम बंद, प्रेझेंटेशन चालू. लॅपटॉप तोच, रॅम तीच. पंखा फिरत होता, पण मोटर लावल्यासारखा नाही.

रॅम वाढवायची गरज कधीच नसते असं माझं म्हणणं नाही. तुमचं मशीन अगदी बारीक केलं, यजमानाचा वाटा प्रामाणिकपणे काढला आणि तरीही बेरीज बसत नसेल तर रॅम हवीच. तेव्हाही नवीन लॅपटॉपच्या आधी टास्क मॅनेजरच्या मेमरीवाल्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते बघा. एखादा रिकामा निघाला तर काम स्वस्तात होईल. काही लॅपटॉपमध्ये मात्र रॅम बोर्डवरच पक्की बसवलेली असते, त्यामुळे दुकानात जाण्याआधी मॉडेल तपासा.

पण आधी वजाबाकी. आपल्यापैकी कितीतरी जण ‘माझ्या लॅपटॉपवर हे चालणारच नाही’ म्हणून सायबर सिक्युरिटी, क्लाउड, ॲप डेव्हलपमेंट शिकायच्या आधीच मागे फिरतात. घरी पैसे मागायची लाज वाटते, आणि मागितले तर घरच्यांची ओढाताण होते. त्यातल्या काहींचं तरी अडलेलं असतं ते एका चुकीच्या ठिकाणी सरकवलेल्या पट्टीपाशी.

परवा रात्री तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. बाबांना लिहिलेला तो मेसेज अजून तसाच पडून होता, न पाठवलेला. तिने तो पुसला आणि त्याजागी लिहिलं, ‘डेमो झाला. शनिवारी येते.’

डेमोच्या आदल्या रात्री एवढं कराच

• यजमानाचा वाटा मोजा, एक जीबी मिळवा आणि मगच मशीनना रॅम वाटा.

• सगळ्या मशीनचे प्रोसेसर मिळून खऱ्या कोअरपेक्षा निदान एकने कमी ठेवा.

• डेस्कटॉप लागत नसेल तिथे डेस्कटॉप नसलेलं लिनक्स घ्या. रॅम सगळ्यात जास्त तिथेच वाचते.

• नीट चालणाऱ्या मशीनचा स्नॅपशॉट घ्या. पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, म्हणून मशीन एक्स्पोर्ट करून एक कॉपी पेन ड्राइव्हवर किंवा मैत्रिणीकडे ठेवा.

• हँग झालं तर पॉवरचं बटण शेवटचा उपाय. आधी थोडं थांबा, एखादं मशीन आतून बंद होतंय का बघा.